रग्बी सोडल्यावर रेस्टॉरंट: डब्लिनच्या खेळाडूंच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंड, इंग्लंड, फ्रान्समध्ये रग्बी खेळाडू निवृत्त झाला की पब किंवा रेस्टॉरंट उघडतो, हे चित्र आता नेहमीचं आहे. त्यातलं सगळ्यात नीट पाहता येण्यासारखं उदाहरण डब्लिनचं, म्हणून इथली बहुतेक उत्तरं त्या शहराला धरून आहेत. आकडे युरोतले आहेत. जिथे हिशोब मांडला आहे तिथे भाव उदाहरणादाखल धरलेत, पद्धत मात्र रोजच्या वापरातली आहे.

रग्बी खेळाडू या धंद्याकडे इतके का वळतात?

रग्बी युनियन हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला तो ऑगस्ट १९९५ मध्ये. त्याआधीचे खेळाडू शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, पोलीस असे काहीतरी असायचेच, खेळ संध्याकाळी आणि शनिवारी. १९९५ नंतरची पिढी अठराव्या-विसाव्या वर्षी थेट अकादमीत गेली आणि तिशी ओलांडताना बाहेर पडली. हातात थोडा पैसा आणि शहरभर ओळख, पण दुसरं कुठलंच काम शिकलेलं नाही. त्यात मॅच आणि पब ही जोडी तिकडे आपल्याकडच्या जत्रा आणि भजीच्या गाडीइतकी घट्ट. त्यामुळे पहिला विचार तिथेच जातो.

जेमी हीस्लिपने नेमकं काय केलं?

हीस्लिप लेन्स्टर (डब्लिनचा प्रांतीय संघ) आणि आयर्लंडचा नंबर आठ, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ वाकून एकमेकांना रेटतात त्या रचनेत, सगळ्यात मागे असणारा खेळाडू. आयर्लंडसाठी ९५ कसोटी सामने, २००९ चा ग्रँड स्लॅम (म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकणं), ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या संयुक्त संघाबरोबर २००९ आणि २०१३ चे दौरे. मार्च २०१७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मॅचआधी सराव करताना पाठ दुखावली, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, ३४ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

महत्त्वाची गोष्ट ही, की धंदा निवृत्तीनंतर सुरू झाला नाही. बॉल्सब्रिज भागातला ‘द ब्रिज १८५९’ हा पब २०१४ मध्ये उघडला. भागीदार चार खेळाडू: हीस्लिप, फुलबॅक रॉब कर्नी, त्याचा धाकटा भाऊ विंगर डेव्ह कर्नी आणि फ्लँकर शॉन ओब्रायन. चौघंही तेव्हा खेळत होते. रोजचा कारभार मात्र नोएल अँडरसन या मुरलेल्या पब-व्यावसायिकाच्या हाती. पुढे ग्राफ्टन स्ट्रीटजवळ ‘लेमन अँड ड्यूक’ हा पब आला.

पाठ गेली त्या दिवशी हीस्लिपकडे चालता धंदा होता. ज्यांनी निवृत्तीच्या पार्टीनंतर जागा शोधायला सुरुवात केली, त्यांना हा फरक विचारावा. जागा, लायसन्स, फिटिंग आणि माणसं जमेपर्यंत वर्ष सहज जातं, आणि तेवढ्या काळात नाव थंड होतं.

जागा कुठली घ्यावी? स्टेडियमजवळच का?

‘द ब्रिज’ पासून अविवा स्टेडियम आणि लेन्स्टरचं जुनं घर असलेलं आरडीएस मैदान, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. अविवामध्ये ५१,७०० माणसं बसतात. पण आयर्लंडच्या घरच्या मॅच वर्षाला मोजक्याच. नुसत्या मॅचवर भाडं निघत नाही. बॉल्सब्रिजची खरी ताकद आजूबाजूच्या ऑफिसांत, वकिलातींत आणि राहत्या वस्तीत आहे. मंगळवारी दुपारी जागा कशी दिसते ते पाहून करार करावा, शनिवारी पाहून नव्हे. सलग दोन आठवडे, मंगळवार आणि बुधवार, बारा ते अडीच दारासमोरून जाणारी माणसं मोजायची. याला पर्याय नाही.

भांडवल येतं कुठून?

आयर्लंडमध्ये याचं एक खास उत्तर आहे आणि ते बऱ्याच वाचकांना माहीत नसतं. २००२ पासून तिथे व्यावसायिक खेळाडूंना निवृत्तीच्या वेळी आयकराचा परतावा मिळतो. खेळातून थेट मिळालेल्या ढोबळ कमाईच्या ४० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि ही सवलत कोणत्याही दहा वर्षांसाठी मागता येते.

हिशोब असा. समजा वर्षाला ३,००,००० युरो पगार. त्याचे ४० टक्के म्हणजे १,२०,०००. त्यावर ४० टक्के दराने कर भरलेला असेल तर वर्षाला ४८,००० परत. अशी दहा वर्षं धरली तर ४,८०,००० युरो. एवढ्यात मध्यम आकाराच्या जागेचं फिटिंग आणि पहिल्या सहा महिन्यांचं खेळतं भांडवल निघतं.

गफलत तीन ठिकाणी होते. पहिली, जाहिरात, प्रायोजकत्व आणि मुलाखतींची कमाई यात धरत नाहीत, आणि नावाजलेल्या खेळाडूची बरीच कमाई तीच असते. दुसरी, हा फक्त आयकर आहे, सामाजिक विम्याचे हप्ते परत येत नाहीत. तिसरी सगळ्यात वाईट: परतावा येणार म्हणून आधीच जागेचा करार करून बसायचं. कागदपत्रं अडकली की भाडं सुरू आणि पैसा नाही. शिवाय परतावा घेऊन पुन्हा पगारी खेळायला गेलं तर सवलत मागे घेतली जाते.

नावावर गिऱ्हाईक किती दिवस येतं?

साधारण तीन महिने धरा. पहिल्यांदा येणारा खेळाडूला पाहायला येतो, दुसऱ्यांदा येणारा जेवायला येतो. उघडल्यावरचे पहिले आठवडे टेबल मिळत नाही, आणि नेमकं त्याच काळात किचन सगळ्यात कच्चं असतं. चव बसलेली नाही, ऑर्डरी चुकतात, पदार्थ यायला पन्नास मिनिटं. म्हणजे सगळ्यात जास्त माणसांना आपण सगळ्यात वाईट जेवण खिलवतो.

यावर एक साधा इलाज आहे: पहिले दहा दिवस नाव न गाजवता दार उघडायचं आणि क्षमतेच्या निम्मी टेबलंच लावायची. ८० खुर्च्या असतील तर ४०. खेळाडूचा फोटो, मुलाखत, उद्घाटन हे सगळं तिसऱ्या आठवड्यात. मालक म्हणून खेळाडूला हे पटत नाही, कारण आयुष्यभर त्याने भरलेलं मैदान पाहिलेलं असतं. पण पटवून द्यावंच लागतं.

आपलं नाव दुसऱ्याला वापरायला द्यावं का?

दिलं तर परत घेण्याची अट लिहून द्यावं. फ्रान्समधलं स्पांगेरो घराणं इथे आठवतं. वॉल्टर, क्लोद आणि लॉरां हे भाऊ रग्बीतले मोठे. क्लोद आणि लॉरां यांनी १९७० मध्ये कास्तेलनोदारीला मांसाचा व्यवसाय उभारला, कासुले या राजमा आणि मांसाच्या पदार्थासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी. २००९ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली, पाटी मात्र तीच राहिली. २०१३ मध्ये युरोपभर गोमांस म्हणून घोड्याचं मांस विकल्याचं प्रकरण फुटलं, आणि वर्तमानपत्रांत नाव आलं ते स्पांगेरोंचं. कंपनी त्यांची उरलेली नव्हती, नाव होतं.

म्हणून करारात दोन कलमं हवीतच: हिस्सा विकला की सहा महिन्यांत पाटी उतरेल, आणि अन्नसुरक्षेचा गुन्हा नोंद झाला की त्याच दिवशी नाव वापरणं थांबेल.

खेळाडूने स्वतः किचनमध्ये उभं राहावं का?

स्वयंपाक येत असेल तर जरूर. इंग्लंडच्या २००३ च्या विश्वविजेत्या संघातले दोघे, मॅट डॉसन आणि फिल विकरी, बीबीसीच्या ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’चे विजेते आहेत: डॉसन २००६ चा, विकरी २०११ चा. पण स्पर्धेत एक थाळी सुंदर करणं आणि रात्री १२० थाळ्या एकसारख्या करणं यात फार अंतर आहे. शिवाय शरीराचा प्रश्न असतो, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

युरोपात ओट्याची नेहमीची उंची ९० सेंटीमीटर. भाजी कापताना ओटा कोपराच्या सुमारे १० सेंटीमीटर खाली हवा. साडेसहा फुटी माणसाचं कोपर जमिनीपासून १२० सेंटीमीटरच्या आसपास येतं, म्हणजे त्याला ११० चा ओटा लागतो. ९० च्या ओट्यावर तो दहा तास वाकून उभा राहिला की आधीच झिजलेले कमरेचे मणके आठवड्यात बोलू लागतात. सगळं किचन उंच करता येत नाही, कारण बाकीची माणसं साडेपाच फुटी. म्हणून एकच स्टेशन पायांखाली स्टीलचे ठोकळे देऊन चढवायचं, किंवा निदान १० सेंटीमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ओट्यावर ठेवून त्याखाली ओलं फडकं अंथरायचं, म्हणजे तो सरकत नाही.

खांद्याचं ऑपरेशन झालेल्याने डोक्यावरच्या फळीवरून भांडी काढू नयेत. जड पातेली कमरेच्या उंचीला ठेवावीत. वर्षानुवर्षं टॅकल करून, म्हणजे समोरच्याला धरून पाडून, बोटांची पेरं वाकडी झालेली असतात, सुरी मुठीत धरली की दोन तासांत दुखतात. पात्याच्या बुडाशी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली तर जोर मनगटावर जातो. पायाखाली जाड रबरी मॅट हवी. आणि ज्याला डोक्याला वारंवार मार बसलाय त्याने एक्झॉस्टच्या खाली, ग्रीलच्या उष्णतेत आणि गोंगाटात सलग उभं राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. डोकेदुखी किंवा गरगरणं सुरू झालं तर ‘होईल सवय’ म्हणून रेटू नये.

खेळाडू सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो पासवर. पास म्हणजे किचन आणि हॉलच्या मधला तो स्टीलचा कट्टा, वर लाल उष्ण दिवे, कडेला खिळपट्टीत अडकवलेल्या केओटी, म्हणजे ऑर्डरीच्या चिठ्ठ्या. तिथे एकच माणूस बोलतो. ‘चौदा नंबर, दोन सिरलॉइन, एक हॅडॉक, चार मिनिटं.’ (सिरलॉइन हा गोमांसाचा तुकडा, हॅडॉक हा मासा.) प्रत्येक स्टेशनवरून ‘हो’ आलं पाहिजे. आलं नाही तर पुन्हा हाक. ताटाची कड फडक्याने पुसायची, बोटाने मांस दाबून पाहायचं, चिठ्ठीवर रेघ मारायची आणि ताट सोडायचं. ऐंशी हजारांच्या आरड्याओरड्यात लाइनआउटचा (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे आत फेकतात त्याचा) इशारा देणाऱ्याला हे काम इतरांपेक्षा लवकर जमतं.

खेळ सुटल्यावर वजन का वाढतं?

फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममधला धिप्पाड खेळाडू, सरावाच्या काळात दिवसाला ४,००० ते ५,००० कॅलरी खातो. खेळ थांबला की गरज बरीच उतरते, भूक मात्र वर्षभर तीच राहते, आणि आता तो दिवसभर चिप्सच्या फ्रायरशेजारी उभा असतो. चव पाहायला चमचा वापरायचा, तुकडा नाही. सर्व्हिसच्या आधी साडेचारला सगळ्या स्टाफबरोबर बसून एक पूर्ण जेवण घ्यायचं. रात्री बाराला उरलेलं उभ्याने खाणं हीच खरी अडचण.

एका ताटाची किंमत कशी काढतात?

धंदा इथेच जगतो किंवा बुडतो. मेनूत २८ युरोला २५० ग्रॅमचा सिरलॉइन स्टेक आहे असं धरू. त्यात व्हॅट आहे. आयर्लंडमध्ये रेस्टॉरंटच्या जेवणावरचा दर १ सप्टेंबर २०२३ ला ९ वरून १३.५ टक्के झाला, आणि १ जुलै २०२६ पासून तो पुन्हा ९ करण्याची घोषणा झाली. दारूवर २३. आपण १३.५ धरू: २८ भागिले १.१३५, म्हणजे हाती २४.६७.

आता मांस. अख्खा तुकडा २० युरो किलोने आला. चरबी, शीर, टोकं काढल्यावर १८ टक्के जातं. म्हणजे वापरायच्या किलोचा भाव २० नव्हे, २४.४०. २५० ग्रॅमला ६.१०. चिप्स, सॉस, लोणी, सॅलड मिळून १.८०. एकूण ७.९०, म्हणजे ३२ टक्के. नवा मालक छाटणीतली घट विसरतो, ६.८० लिहितो आणि २८ टक्क्यांवर खूश होतो. ताटामागे १.१० युरो कुठे गेले ते त्याला कळत नाही. दिवसाला ६० ताटं गेली तर ६६ युरो.

ठोकताळा सांगायचा तर मालाचा खर्च २८ ते ३२ टक्के, पगार ३० ते ३५, भाडं १० च्या आत. हे सांभाळून शेवटी ५ ते १० टक्के उरले तर जागा चांगली चालली आहे. खेळाडू-मालकाकडे आणखी एक भोक असतं: जुने सहकारी, त्यांची मित्रमंडळी, ‘हे आपल्याकडून’. प्रत्येक फुकट ताटाची केओटी निघालीच पाहिजे, मालकाच्या नावावर. महिन्याच्या शेवटी तो आकडा त्याला दाखवायचा.

मॅचच्या दिवशी किचन कसं चालवतात?

सव्वादोनची मॅच धरा. साडेअकराला पहिली लाट, पावणेदोनला हॉल रिकामा, सव्वाचारला दुसरी लाट, आणि ही थकलेली, ओली आणि भुकेली. नेहमीचा बावीस पदार्थांचा मेनू त्या दिवशी चालत नाही. सहा पदार्थ ठेवायचे, त्यातले दोन आधीच शिजवून गरम ठेवता येणारे: बीफ-गिनेस स्टू (गिनेस ही आयरिश काळी बिअर) आणि एक शाकाहारी करी. हे ६३ अंशांच्या वर धरलेले असले पाहिजेत.

चिप्सवर सगळं अडतं. २०० पोर्शन, प्रत्येकी २०० ग्रॅम, म्हणजे कापलेला बटाटा ४० किलो. सोलण-कापण्यातली घट धरून ५० किलो आणावा लागतो. आदल्या दिवशी कापून, धुऊन, पूर्ण कोरडे करून १३० ते १४० अंशांवर पाच-सहा मिनिटं, रंग न येऊ देता. ट्रेवर एका थरात पसरून थंड करायचे आणि फ्रीजमध्ये. ऑर्डर आली की १८० अंशांवर दोन-तीन मिनिटं.

काय बिघडतं? घाईत जाळी काठोकाठ भरतात. तेल १८० वरून १५० वर येतं, पुन्हा चढायला वेळ लागतो, तोवर चिप्स तेल पितात आणि मऊ पडतात. हॉलमधून परत येतात, त्यामुळे आणखी घाई, आणखी भरलेली जाळी. हे चक्र एकदा फिरलं की अर्धा तास सावरत नाही. जाळी अर्धीच भरा, दोन जाळ्या आळीपाळीने.

बर्गर १८० ग्रॅमचे, मधोमध थर्मामीटर खुपसून ७५ अंश. वास किंवा रंग पाहून ठरवू नये.

बारचा हिशोब सोपा आहे. ५० लिटरच्या केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून, ५६८ मिलिलिटरचे ८८ पाइंट निघतात, फेस आणि पाइपातली घट धरून ८४-८५ धरा. नळाची पाइप दर आठवड्याला धुतलीच पाहिजे, नाहीतर बिअर आंबूस लागते आणि फेस अनावर होतो. ग्लास कमी पडणं ही मॅचच्या दिवसाची सगळ्यात नेहमीची फजिती. बिअर असते, ओतायला ग्लास नसतो. फक्त ग्लास गोळा करायला एक माणूस हवा.

लायसन्स कुठलं लागतं?

पबसाठी नवं लायसन्स तसं मिळत नाही: अस्तित्वात असलेलं एक विकत घेऊन रद्द करावं लागतं, मग न्यायालयामार्फत नवं. फक्त रेस्टॉरंट असेल तर जेवणाबरोबर वाइन देण्याचं वेगळं, स्वस्त लायसन्स आहे. लायसन्सचं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं आणि नूतनीकरणाला करभरणा चोख असल्याचा दाखला लागतो. खाद्य व्यवसायाची नोंद आरोग्य सेवेकडे दार उघडण्याआधीच.

आणि अ‍ॅलर्जीची यादी?

युरोपीय नियमाने १४ घटक, प्रत्येक पदार्थापुढे लेखी. तोंडी सांगून चालत नाही. स्टूमध्ये गिनेस असेल तर त्यात जव आलं, म्हणजे ग्लूटेन आलं. हे हमखास सुटतं.

विम्यात काय पाहावं?

एक वाक्य वाचावं: धंदा बंद ठेवावा लागल्यास भरपाई कशाकशासाठी. कोरोनात मार्च २०२० पासून आयर्लंडचे पब बंद झाले तेव्हा ‘लेमन अँड ड्यूक’ सह चार पब विमा कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. पॉलिसीत जागेत किंवा २५ मैलांच्या आत संसर्गजन्य रोगाचा उद्रेक झाल्याने जागा बंद करावी लागल्यास भरपाई, असं कलम होतं. सरकारने देशभर बंदी घातली, ती आमच्या कलमात बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल पबवाल्यांच्या बाजूने लागला. ते कलम नसतं तर वकील काहीच करू शकला नसता. म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याआधी कलम वाचा.

डब्लिनला शिकायला गेलेली आपली मुलं अशा ठिकाणी काम करू शकतात का?

हो, आणि बरीच मराठी मुलं करतात. विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास. वीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराचं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १४.१५ युरो. टिप पगारात धरता येत नाही, आणि टिपची वाटणी कशी होते ते मालकाने लिहून लावणं २०२२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पाटी दिसली नाही तर सरळ विचारावं. मॅचच्या दिवशी बारा तास थांबवून घेतात आणि आठवड्याचे २० ओलांडतात. नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, कारण व्हिसा तुमचा आहे.

मुंबई-पुण्याच्या रग्बी खेळाडूला यातलं काय घेता येईल?

रग्बी आपल्याकडे जुनी आहे. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, आणि इंग्लंड-स्कॉटलंड ज्यासाठी खेळतात तो कलकत्ता कप तर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या क्लबने आपले २७० चांदीचे रुपये वितळवून घडवलेला. पण आपल्या खेळाडूला वर्षाचा पगार नाही, कराचा परतावा नाही, आणि रस्त्यावर कोणी ओळखत नाही. त्यामुळे डब्लिनचं भांडवलाचं गणित आणि नावाचा भाग इथे सोडून द्यावा. ताटाची किंमत काढण्याची पद्धत, मेनू आखूड ठेवणं आणि भागीदार म्हणून धंद्यातला माणूस घेणं, एवढं घ्यावं.

सुरुवात २००-२५० चौरस फुटांच्या किचनने, जिमला आणि मैदानावर जाणाऱ्यांच्या जेवणाने करावी: ग्रील चिकन, अंडी, भात, उसळ. कच्चं चिकन शिजल्यावर साधारण पाव भागाने घटतं. ताटात १५० ग्रॅम द्यायचं असेल तर २०० ग्रॅम घ्यावं लागतं, हेच सिरलॉइनचं गणित. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही, म्हणून फ्रायर, फ्रीज, एक्झॉस्टची किंमत करासकट धरावी. १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडरच वापरावा, घरगुती नाही. तळणाच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं, हा नियम आपल्याकडेही आहे. तपासायच्या पट्ट्या मिळतात.

मुंबईत रग्बी पावसाळ्यात रंगते. उघडायचं असेल तर मे अखेरीस किचन तयार हवं, म्हणजे जूनच्या पहिल्या सरावाला मैदानाच्या दारात डबे नेता येतात. पावसात चिखल तुडवून आलेल्या पंचवीस पोरांना गरम भात आणि चिकन सव्वासातला हवं असतं. पावणेआठला पोहोचलात तर ती वडापाव खाऊन घरी गेलेली असतात.